पदवी घेण्याआधी विद्यापीठ कसं तपासावं : गावखेड्यातून विचारले जाणारे प्रश्न

बारावीचा निकाल लागला की तालुक्याच्या एसटी स्टँडवर फ्लेक्स लागतात. 'घरबसल्या पदवी', 'नापासांना सुवर्णसंधी', 'बीएड, जाण्याची गरज नाही'. सोयाबीन-कापसाचे पैसे दिवाळीनंतर हातात आले की तेच लोक पुन्हा फिरतात. ज्या घरातून पहिल्यांदाच कोणी कॉलेजात चाललं आहे, त्या घराला विचारायला जवळ माणूस नसतो, आणि पैसे बुडतात ते बहुतेक अशाच घरांचे. यवतमाळ, वाशीम, गडचिरोली, बुलढाणा भागातले पालक आणि पोरं जे प्रश्न वारंवार विचारतात, ते इथे उत्तरांसह दिले आहेत. काही प्रश्न विचारणाऱ्यांच्याच बोलीत ठेवले आहेत.

विद्यापीठ खरं की खोटं, हे ठरवतं कोण?

कायदा ठरवतो. विद्यापीठ अनुदान आयोगाचा, म्हणजे यूजीसीचा, १९५६ चा कायदा आहे. त्याच्या कलम २२ नुसार पदवी देण्याचा अधिकार तिघांनाच आहे : संसदेच्या किंवा राज्य विधिमंडळाच्या कायद्याने स्थापन झालेलं विद्यापीठ, कलम ३ खाली केंद्र सरकारने 'अभिमत' म्हणून जाहीर केलेली संस्था, आणि संसदेने पदवी देण्याचा खास अधिकार दिलेली संस्था. बाकी कोणीही दिलेला कागद पदवी ठरत नाही, मग त्यावर कितीही सोनेरी शिक्के असोत. कलम २३ नुसार इतर कुणाला आपल्या नावात 'युनिव्हर्सिटी' हा शब्दसुद्धा लावता येत नाही.

म्हणून पहिला प्रश्न हाच विचारा : "तुमचं विद्यापीठ कोणत्या कायद्याने स्थापन झालं? कायद्याचं नाव आणि वर्ष सांगा." खऱ्या विद्यापीठाचा कारकूनही हे सांगतो. त्यांच्या माहितीपुस्तिकेत ते छापलेलंच असतं.

नाव कधी ऐकलंच नाही. म्हणजे बोगस समजायचं का?

नाही. आपल्या भागातलंच बघा. मोर्शी तालुक्यातल्या रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ निघालं आहे, ते अमरावती जिल्ह्याबाहेर अजून फारसं कुणाला माहीत नाही. पण ते राज्याच्या कायद्याने स्थापन झालेलं आहे. रामटेकचं कविकुलगुरू कालिदास संस्कृत विद्यापीठ १९९७ चं. गडचिरोलीचं गोंडवाना विद्यापीठ २०११ चं, आणि तेव्हा चंद्रपूर-गडचिरोलीबाहेरचे लोक 'हे कुठलं?' म्हणून विचारायचेच. वर्ध्याचं महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय तर केंद्रीय विद्यापीठ आहे, तरी शेजारच्या जिल्ह्यातल्या पुष्कळांना ते ठाऊक नसतं.

उलट नाव फार ओळखीचं वाटलं म्हणूनही निर्धास्त होऊ नका. यूजीसीच्या बोगस यादीत दिल्लीची एक 'युनायटेड नेशन्स युनिव्हर्सिटी' आहे. त्याच नावाची संयुक्त राष्ट्रांची खरी संस्था टोकियोत आहे, आणि तिचा या दिल्लीवालीशी काही संबंध नाही. नावातला एखादा शब्द इकडचा तिकडे करणं हा या धंद्यातला जुना मार्ग आहे. त्यामुळे पूर्ण नाव आणि गाव, दोन्ही अक्षर न् अक्षर जुळवून बघा.

यादी कुठे आणि कशी पाहायची? मोबाइलवर दिसते का?

दिसते. ब्राउझरमध्ये स्वतः टाइप करा : यूजीसी डॉट जीओव्ही डॉट इन. एजंटने व्हॉट्सॲपवर पाठवलेली लिंक उघडू नका, कारण सरकारी साइटसारखी दिसणारी बनावट साइट तयार करायला फार वेळ लागत नाही. आयोगाच्या साइटवर केंद्रीय, राज्य, अभिमत आणि राज्य खासगी अशा चार याद्या वेगवेगळ्या आहेत. ज्या राज्यातलं विद्यापीठ सांगितलं, त्या राज्याचं नाव निवडा आणि शोधा.

तिथेच बोगस विद्यापीठांचीही यादी आहे. अलीकडच्या वर्षांत तिच्यात वीसेक नावं असतात. सर्वाधिक दिल्लीची. महाराष्ट्रातलं एक नाव वर्षानुवर्षं तिथे आहे, आणि ते आपल्या नागपूरचंच आहे : राजा अरेबिक युनिव्हर्सिटी.

पुष्कळ लोक इथे फसतात. बोगस यादीत नाव सापडलं नाही की त्यांना हायसं वाटतं. पण त्या यादीत फक्त आयोगाच्या नजरेस आलेली नावं असतात. काल दोन खोल्या भाड्याने घेऊन पाटी लावणाऱ्याचं नाव तिथे कसं असेल? नाव खऱ्या यादीत सापडलं पाहिजे. तिथे नसेल, तर पैसे खिशातून काढू नका.

एक अपवाद सांगून ठेवतो. नागपूरचं व्हीएनआयटी, एम्स, आयआयएम ही नावं विद्यापीठांच्या यादीत मिळणार नाहीत. त्या राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्था आहेत आणि संसदेच्या स्वतंत्र कायद्यांखाली पदव्या देतात.

"फ्लेक्सवर त 'भारत सरकार नोंदणीकृत' लिवलं हाये, आयएसओ बी हाये. मंग?"

पालकांना सर्वांत जास्त भुलवणारी ही ओळ आहे, म्हणून एकेक शब्द सोडवून सांगतो.

'नोंदणीकृत' म्हणजे बहुतेक वेळा १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किंवा महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदवलेली संस्था. आपल्या गावचं गणेश मंडळ, भजनी मंडळसुद्धा असं नोंदवता येतं. त्याने पदवी देण्याचा अधिकार मिळत नाही. 'कंपनी कायदा कलम ८' म्हणजे ना-नफा तत्त्वावरची कंपनी. तिलाही पदवी देता येत नाही. 'उद्यम नोंदणी' किंवा 'एमएसएमई' म्हणजे लहान उद्योगाची नोंद. ती पिठाच्या गिरणीलाही मिळते, आणि ती ऑनलाइन, फुकट होते. 'नीती आयोग' लिहिलं असेल तर तो स्वयंसेवी संस्थांच्या दर्पण पोर्टलवरचा नुसता नोंद क्रमांक असतो. आयोगाने संस्थेची परीक्षा घेऊन मान्यता दिली, असा त्याचा अर्थ नाही. 'आयएसओ ९००१' हे कामकाजाच्या पद्धतीचं प्रमाणपत्र आहे आणि ते खासगी संस्था फी घेऊन देतात. 'ट्रेडमार्क', 'कॉपीराइट' यांचा तर शिक्षणाशी संबंधच नाही.

यातला प्रत्येक कागद खरा असू शकतो, आणि फसवणूक नेमकी त्यातच आहे. पालक खरा कागद बघतात, त्यावर अशोकस्तंभ दिसतो आणि विश्वास बसतो. पण तो कागद दुसऱ्याच कशाचा तरी आहे. समोरच्याने फाइल उघडून दाखवली की शांतपणे म्हणा, "हे सगळं राहू द्या, विद्यापीठाचा कायदा आणि यूजीसीच्या यादीतलं नाव दाखवा."

"विद्यापीठ खरं निंगालं, यादीत नाव हाये. पण त्याचं सेंटर आमच्या तालुक्यात हाये. चालन का?"

आपल्याकडे खरी गफलत इथेच होते. पूर्ण बोगस विद्यापीठापेक्षा खऱ्या विद्यापीठाच्या नावावर चालणारं बोगस सेंटर जास्त भेटतं.

आधी खासगी विद्यापीठांचं बघू. राज्याच्या कायद्याने निघालेल्या खासगी विद्यापीठाला बाहेरची कॉलेजं संलग्न करून घेता येत नाहीत. त्याने आपल्याच आवारात शिकवायचं असतं. स्वतःच्या राज्याबाहेर त्याला कॅम्पस काढता येत नाही. फ्रँचायझी, म्हणजे नाव भाड्याने देऊन दुसऱ्याकडून वर्ग चालवणं, यालाही मनाई आहे. तेव्हा राजस्थान, मध्य प्रदेश किंवा ईशान्येकडच्या एखाद्या राज्यातल्या खासगी विद्यापीठाचं 'अधिकृत केंद्र' पुसदच्या किंवा आर्वीच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये असेल, तर विद्यापीठ अस्सल असूनही तिथला प्रवेश खोटा असू शकतो.

हे नियम इतके कडक झाले, त्यामागे आपल्या शेजारच्याच राज्याचा इतिहास आहे. छत्तीसगडने २००२ मध्ये एक कायदा केला, आणि त्याखाली नुसत्या अधिसूचनेवर शंभराहून अधिक खासगी विद्यापीठं निघाली. काहींकडे धड इमारतही नव्हती. प्राध्यापक यशपाल यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि फेब्रुवारी २००५ मध्ये न्यायालयाने त्या कायद्यातली ती कलमं रद्द केली. विद्यापीठं एका दिवसात गेली, आणि प्रवेश घेतलेल्या मुलांना सरकारी विद्यापीठांशी जोडून घ्यावं लागलं. गोंदिया, गडचिरोलीकडच्या लोकांना रायपूर, राजनांदगाव जवळ. जाहिरात तिकडून आजही येते. यादी बघितल्याशिवाय त्यावर जाऊ नका.

आता सरकारी विद्यापीठाशी संलग्न कॉलेज. नागपूर, अमरावती, गोंडवाना या विद्यापीठांच्या साइटवर संलग्न कॉलेजांची यादी असते. तिथे कॉलेजचं नाव बघा, आणि तुम्हाला हव्या त्या अभ्यासक्रमाला त्या वर्षी परवानगी आहे का तेही बघा. कॉलेज बीएसाठी मान्य असेल आणि बीसीएसाठी नसेल, असं होतं. अमरावती विद्यापीठ अमरावती, अकोला, बुलढाणा, वाशीम, यवतमाळ या पाच जिल्ह्यांचं. चंद्रपूर आणि गडचिरोली गोंडवानाकडे. 'आम्ही नागपूर विद्यापीठाशी संलग्न' असं ब्रह्मपुरीतलं नवं कॉलेज सांगत असेल, तर तिथेच शंका घ्या.

"घरी बसून डिग्री भेटन म्हणते. खरं हाये का?"

भेटते, पण रीतसर दारातून. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून हेच काम करतं, आणि त्याची विभागीय केंद्रं नागपूर आणि अमरावतीला आहेत. इग्नूचं, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचंही विभागीय केंद्र नागपूरला आहे. शेती करून, मजुरी करून, लग्नानंतर शिकलेल्या कितीतरी बायाबापड्यांची पदवी मुक्त विद्यापीठाची आहे. ती नियमित पदवीच्या बरोबरीची धरली जाते, तिला कमी लेखू नका.

इतर विद्यापीठांना दूरशिक्षण किंवा ऑनलाइन पदवी द्यायची असेल तर यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाची, म्हणजे डीईबीची, परवानगी लागते. ती विद्यापीठाला सरसकट मिळत नाही, अभ्यासक्रमागणिक आणि सत्रागणिक मिळते. डीईबीच्या पोर्टलवर तुमचं वर्ष, विद्यापीठ आणि विषय, तिन्ही बघा. मागच्या वर्षीची परवानगी यंदा चालेलच असं नाही.

सप्टेंबर २०२४ पासून अजून एक गोष्ट आली आहे, आणि ती पालकांच्या फार कामाची आहे. दूरस्थ किंवा ऑनलाइन प्रवेशासाठी विद्यार्थ्याने स्वतः डीईबी पोर्टलवर आयडी काढावा लागतो. 'आयडी-बियडी काही लागत नाही, तुम्ही फक्त फोटो आणि पैसे द्या' असं कोणी म्हणालं, की तिथून उठा.

काही अभ्यासक्रम दूरस्थ पद्धतीने होतच नाहीत : इंजिनिअरिंग, वैद्यकीय, नर्सिंग, फार्मसी, फिजिओथेरपी, वकिली, कृषी, हॉटेल मॅनेजमेंट. पीएचडीसुद्धा नाही. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१७ मध्ये काही अभिमत विद्यापीठांच्या दूरस्थ इंजिनिअरिंगच्या पदव्या निलंबित आणि रद्द केल्या, तेव्हा नोकरीला लागलेल्या माणसांना त्याची झळ बसली. घरी बसून बीएस्सी ॲग्री करून कृषी सेवा केंद्राचा परवाना काढू म्हणणाऱ्या पोरांनी हे आधीच ध्यानात घ्यावं.

न जाता बीएड होतं का? नर्सिंग सहा महिन्यांत होतं का?

नाही. दोन्ही नाही.

बीएडला विद्यापीठाच्या संलग्नतेशिवाय राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेची, एनसीटीईची, मान्यता लागते. २०१५ पासून हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे. नियमात वर्गाची ८० टक्के आणि शाळेतल्या इंटर्नशिपची ९० टक्के हजेरी सांगितली आहे. 'नॉन अटेंडिंग' नावाचा प्रकार नियमांत कुठेच नाही. मध्य प्रदेशातल्या कॉलेजात नाव टाकून परीक्षेपुरतं जाणारी पोरं असतात हे सगळ्यांना माहीत आहे. त्यांची हजेरी कागदावर खोटी भरलेली असते. त्या मुदतीत ते गावात दुसरी नोकरी करत होते किंवा इथल्याच कॉलेजात शिकत होते हे पुढे निघालं, तर शिक्षक भरतीच्या कागदपत्र पडताळणीत सगळं अंगावर येतं. दूरस्थ बीएड आहे, पण ते सेवेत असलेल्या शिक्षकांसाठी.

नर्सिंगचं तर माणसाच्या जिवाशी आहे. एएनएम दोन वर्षांचं, जीएनएम तीन वर्षांचं, बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचं. राज्यात बीएस्सी नर्सिंगची कॉलेजं नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न असतात, आणि पास झाल्यावर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलमध्ये नाव नोंदवावं लागतं. ती नोंदणी ज्या कोर्सवर मिळत नाही, तो कोर्स करून मुलगी नर्स होत नाही. प्रवेशाआधी एकच विचारा : "तुमच्याकडून पास झालेल्या मुलींची कौन्सिलमध्ये नोंदणी झाली आहे का? दोघी-तिघींशी बोलणं करून द्या." टाळाटाळ झाली तर समजून घ्या. फार्मसीला फार्मसी कौन्सिल, वकिलीला बार कौन्सिल, इंजिनिअरिंगला एआयसीटीई. प्रत्येक धंद्याची अशी वेगळी परिषद आहे, आणि तिची साइट वेगळी बघावी लागते.

एका वर्षात तीन वर्षांची पदवी, मागच्या तारखेची मार्कशीट?

सरळ गुन्हा आहे. देणारा आणि घेणारा, दोघांचा.

दहावी-बारावी नापास आहे. 'दिल्ली बोर्डा'तून पास करून देतो म्हणतात.

दिल्लीच्या नावाने चालणारी कितीतरी बोर्डं बनावट आहेत. मुक्त शालेय शिक्षणासाठी राष्ट्रीय संस्था एनआयओएस आहे, ती केंद्र सरकारची. राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्मही आहे, खासगीरीत्या बसण्यासाठी. बारावीच खोटी निघाली तर तिच्यावर उभी केलेली खरी पदवीही हातची जाते.

हातात मार्कशीट आहे. खरी की खोटी, बघून कळतं का?

बघून कळेल या भरवशावर राहू नका. नागपूर-अमरावतीतल्या चांगल्या छपाईवाल्याला वॉटरमार्क, होलोग्राम, जाड कागद काहीच अवघड नाही.

तरी काही खुणा असतात. आसन क्रमांक आणि नोंदणी क्रमांक वेगळे असायला हवेत, ते एकच छापलेले असतात. परीक्षा रविवारच्या एकाच तारखेला 'संपन्न' झालेली असते. विषयांचे गुण आणि बेरीज जुळत नाही. कुलसचिवाच्या नावाऐवजी नुसती लफ्फेदार सही. मागच्या बाजूला श्रेणीचा तक्ता नसतो किंवा दुसऱ्याच विद्यापीठाचा उचललेला असतो. पावती विद्यापीठाच्या नावे नसून कुठल्यातरी 'एज्युकेशन सोसायटी'ची असते, किंवा पैसे माणसाच्या फोनपेवर गेलेले असतात. पैशांची ही खूण मला सर्वांत भरवशाची वाटते. क्यूआर कोड असेल तर तो स्कॅन केल्यावर कोणती साइट उघडते ते वाचा. बनावट कोड बनावट साइटवरच नेतो आणि तिथे 'व्हेरिफाइड' हिरव्या अक्षरात दिसतं.

खात्री दोनच ठिकाणी होते. एक म्हणजे डिजिलॉकर : विद्यापीठाने स्वतः तिथे टाकलेली पदवी 'इश्यूड डॉक्युमेंट्स'मध्ये येते. विद्यार्थ्याने स्वतः स्कॅन करून चढवलेला कागद यात धरायचा नाही, तो वेगळ्या कप्प्यात असतो. दुसरी म्हणजे विद्यापीठाचा परीक्षा विभाग : ठरलेली फी भरून लेखी पडताळणी मागवता येते. पत्ता मार्कशीटवरचा घेऊ नका, यूजीसीच्या यादीतून विद्यापीठाच्या साइटवर जा आणि तिथला घ्या.

विद्यापीठ यादीत आहे एवढ्याने कागद खरा ठरत नाही, हे हिमाचलच्या सोलनमधल्या मानव भारती विद्यापीठाच्या प्रकरणाने दाखवलं. ते राज्याच्या कायद्याने निघालेलं खासगी विद्यापीठ. त्याच्या नावाने हजारो बनावट पदव्या विकल्या गेल्याचा तपास यंत्रणांचा आरोप आहे. तिथे खरोखर शिकलेल्या पोरांनाही मग आपली पदवी खरी असल्याचं सिद्ध करत फिरावं लागलं.

वडिलांच्या पदवीवर नुसतं 'नागपूर विद्यापीठ' आहे आणि गाव अमरावती जिल्ह्यातलं. चूक आहे का?

चूक नाही. नागपूर विद्यापीठ १९२३ चं, आणि अमरावती विद्यापीठ १ मे १९८३ ला निघालं. त्याआधी अख्ख्या विदर्भातली कॉलेजं नागपूरकडेच होती. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज आणि संत गाडगे बाबा ही नावं नंतर जोडली गेली. जुन्या पदव्या जशाच्या तशा वैध आहेत. पडताळणी ज्याने पदवी दिली त्याच विद्यापीठाकडे होते, म्हणजे २०११ पूर्वीच्या चंद्रपूरच्या पदवीसाठी नागपूरलाच जावं लागतं.

स्थळ आलं आहे, मुलगा 'एमबीए' सांगतात. विचारावं कसं?

मोकळेपणाने विचारावं. जमीन बघताना सातबारा मागतोच ना आपण? मुलीचं शिक्षणही सोबत दाखवा, म्हणजे कुणाचा मान दुखावत नाही. डिजिलॉकर उघडून दोन मिनिटांत दोन्हीकडचं दिसतं. कागद गावी आहे, कपाटाची किल्ली नाही, असं तीन-तीनदा ऐकू आलं तर घाई करू नका.

फॉरेनच्या विद्यापीठाने गावातल्या समाजसेवकाला 'डॉक्टरेट' दिली. नावाआधी डॉ. लावता येतं का?

मानद डॉक्टरेट ही सन्मानाची गोष्ट आहे, आणि ती पदवी देण्याचा अधिकार असलेल्या विद्यापीठानेच द्यायची असते. 'नोंदणी शुल्क' म्हणून काही हजार रुपये घेऊन एखाद्या हॉटेलच्या सभागृहात वाटली जाते, तिला सन्मान म्हणता येत नाही. आयुष्यभर गावासाठी झिजलेल्या माणसाला असं गाठलं जातं, त्याच्याकडून पैसे घेतले जातात, आणि फ्लेक्स लागल्यावर चार जण हसतात. याचं मला फार वाईट वाटतं. अशा माणसाच्या जवळच्यांनी वेळेवर सांगावं.

शिकून मिळवलेल्या पीएचडीला यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार किमान तीन वर्षं लागतात. भारतातले बरेचसे प्रबंध 'शोधगंगा' या साइटवर असतात, तिथे नाव आणि विषय टाकून बघता येतं. परदेशी पदवीला भारतात समकक्षता घ्यावी लागते. ती नसेल तर नोकरीत तिचा उपयोग नाही.

नॅकचा 'ए' दर्जा नाही, मग पदवी चालत नाही का?

चालते. नॅक गुणवत्ता सांगतं, मान्यता वेगळी. तसंच १२(ब) हे यूजीसी कायद्यातलं अनुदानाचं कलम आहे. तिथे नाव नसल्याने पदवी अवैध होत नाही.

"पैसे भरून बसलो, सर. आता काय करावं?"

आधी घरच्यांनी पोराला बोलणं थांबवा. फसवणारे रोज हेच काम करतात, अठरा वर्षांच्या पोराने त्यांना ओळखायला हवं होतं हा हिशेब बरोबर नाही.

मग कागद गोळा करा : जाहिरातीचा फोटो, पावत्या, व्हॉट्सॲपवरचं बोलणं, पैसे पाठवल्याचे स्क्रीनशॉट, कॉल आलेले नंबर. यातलं काहीही डिलीट करू नका. पैसे नुकतेच ऑनलाइन गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी मदत क्रमांकावर फोन करा. तिथे तासांना किंमत आहे. नंतर पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. १ जुलै २०२४ पासून फसवणुकीला भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ लागतं, त्यात सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. यूजीसी कायद्याचं स्वतःचं कलम फार दुबळं आहे, दंड फक्त एक हजार रुपयांपर्यंत. म्हणूनच ही दुकानं एक बंद होऊन दुसरी उघडतात. तक्रार फसवणुकीचीच द्या.

संस्था मान्यताप्राप्त असेल आणि प्रवेश रद्द करून पैसे देत नसेल, तर यूजीसीच्या ई-समाधान पोर्टलवर तक्रार करा. मूळ टीसी, मार्कशीट अडकवून ठेवणं आयोगाने २०१८ मध्येच मना केलं आहे. ठाण्यात ऐकून घेत नसतील तर तालुका विधी सेवा समितीकडे जा, ती तालुका न्यायालयातच असते. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि कमी उत्पन्नाच्या माणसांना वकील फुकट मिळतो. फोन १५१००.

एक मात्र करू नका. 'अजून वीस हजार द्या, मान्यता आणून देतो' याला पुन्हा बळी पडू नका.

ती पदवी नोकरीच्या फॉर्ममध्ये लिहिली तर?

खोटी आहे हे माहीत असून वापरली, तर फसवलेला माणूस स्वतःच आरोपी होतो. तलाठी, पोलीस, शिक्षक, कुठल्याही भरतीत पडताळणी होतेच, आणि नोकरी लागून दहा वर्षं झाल्यावरही बडतर्फी होते. फॉर्ममध्ये बारावीच लिहा आणि मुक्त विद्यापीठात नव्याने नाव घाला. तीन वर्षं जातील, पण पुढे मनात धाकधूक राहणार नाही.

एजंट नात्यातलाच आहे. नाही कसं म्हणायचं?

बऱ्याचदा मामा, साळा, गावचाच पोरगा असतो, आणि तोही फसलेला असू शकतो. प्रत्येक प्रवेशामागे त्याला कमिशन मिळतं, वरचं त्याला काही माहीत नसतं. भांडू नका. "पैसे विद्यापीठाच्या खात्यावरच भरतो, डीडी काढतो, पावती त्यांचीच पाहिजे" एवढं म्हणा. खरं असेल तर तो हो म्हणेल. "आजच भरा, उद्या सीट जाईल" म्हणाला तर मुलासोबत स्वतः विद्यापीठाच्या गावी जाऊन या. दोघांचं एसटी-रेल्वेचं भाडं बुडणाऱ्या फीपेक्षा कितीतरी कमी.

माहिती अधिकारात विचारता येतं का? अर्जात काय लिहू?

येतं, आणि हातात सहीशिक्क्याचं उत्तर येतं. यूजीसीला केंद्राच्या आरटीआय पोर्टलवरून दहा रुपये भरून अर्ज करा. राज्यातल्या विद्यापीठाला करायचा असेल तर साध्या कागदावर दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून चालतो. राज्याच्या नियमाप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत ठेवा. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला फी नाही, दाखल्याची प्रत जोडा.

मजकूर असा :

"(विद्यापीठाचं पूर्ण नाव व गाव) ही संस्था यूजीसी कायदा १९५६ च्या कलम २२ नुसार पदवी देण्यास पात्र आहे काय? असल्यास कोणत्या कायद्याने व कोणत्या वर्षी स्थापन झाली? (अभ्यासक्रम) हा (वर्ष) या सत्रात (नियमित / दूरस्थ / ऑनलाइन) पद्धतीने चालवण्यास परवानगी आहे काय? सदर संस्थेस (गाव, तालुका, जिल्हा) येथे केंद्र चालवण्याची परवानगी आहे काय? परवानगीच्या आदेशाची प्रत मिळावी."

'कृपया मार्गदर्शन करावे' असं लिहू नका. या कायद्यात कागद मागता येतो, सल्ला नाही. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर कलम ६(३) नुसार तो योग्य ठिकाणी पाठवणं त्यांचं काम आहे. उत्तर ३० दिवसांत यायला हवं. आलं नाही, तर पुढच्या ३० दिवसांत त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडे पहिलं अपील करा. केंद्राकडे त्याला फी नाही, राज्यात वीस रुपये. प्रवेशाची मुदत त्याआधी संपत असेल, तर उत्तर येईपर्यंत फी भरू नका, आणि त्या वर्षापुरतं पोराचं नाव जवळच्या संलग्न कॉलेजात किंवा मुक्त विद्यापीठात घालून ठेवा. २०२२ पासून यूजीसीने एकाच वेळी दोन पदव्या करायला मुभा दिली आहे, त्यामुळे खरं निघालेलं विद्यापीठ पुढच्या सत्रातही घेता येतं.